मिठाची खोली

कोकणातल्या जुन्या घरांचं कोणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. हल्ली हे फारच झालंय. पुण्या-मुंबईची माणसं येतात, चिऱ्याच्या भिंतीवर हात फिरवतात, "आत किती थंड वाटतं हो!" म्हणतात आणि पडवीत पाय पसरून सोलकढी पितात. येतात मात्र मे महिन्यात. आषाढात या म्हणावं, आणि परत जायचं नाही, राहायचं. तिथेच चूल पेटवायची, तिथेच पोरांचे कपडे वाळवायचे, तिथेच आजारी पडायचं. काल माझ्या सुनेने फोनवर असल्याच एका घराचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "आई, तुम्ही किती भाग्यवान, अशा घरात वाढलात." त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी माझा उपास असतो आणि उपासाच्या दिवशी मी भांडत नाही, म्हणून गप्प बसले. आज मंगळवार आहे.

सगळी जुनी घरं वाईट होती असं मी म्हणणार नाही. आबांचं, म्हणजे आमच्या घरधन्यांचं घर उत्तम होतं. पुढे शेणाने सारवलेलं प्रशस्त खळं, रुंद पडवी, झोपाळा, माजघराला दोन्हीकडून उजेड, वर मंगळुरी कौलं. पण ते आबांचं. आम्ही राहायचो त्याच घराच्या पाठीमागे, विहिरीच्या बाजूला जोडलेल्या एका लांबट खोलीत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांची बदली तोंडवलीच्या अलीकडच्या या गावात झाली तेव्हा मी तिसरीत होते आणि माझा धाकटा भाऊ नंदू तीन वर्षांचा होता. एसटीतून उतरलो तेव्हा आबा स्वतः रस्त्यावर उभे होते. गावातलं मोठं प्रस्थ, देवळातले मानकरी, शाळेच्या कामात पुढे. अण्णांच्या हातातली वळकटी त्यांनी स्वतः घेतली. खोलीच्या उंबऱ्यावर नारळ फोडला आणि म्हणाले, "मास्तरांनू, ही जागा तुमची. भाड्याचो विषय काढूचो नाय. गावाच्या मास्तराकडसून भाडां घेतलां तर देव माका काय म्हणतलो?"

अण्णांचे डोळे भरून आले. माणूस भिडस्त, इतका भिडस्त की पाटावर बसल्यावर मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत, कारण वाढणाऱ्याला काय वाटेल! मूळचे आंबोलीकडचे, पण मास्तराने शुद्धच बोलावं असा त्यांचा नेम होता आणि घरातसुद्धा ते पुस्तकासारखं बोलायचे. आई बांद्याची, बाजारपेठेत वाढलेली, फडाफड मालवणी बोलणारी. तिने आत पाऊल टाकलं, चारी बाजूंना पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "अवो, खिडकी खंय आसा?" अण्णांनी घाईघाईने वर बोट दाखवलं. वाशांच्या खाली, भिंतीच्या अगदी टोकाला एक भोक होतं, त्यातून मांजर गेलं असतं. "ही काय," अण्णा म्हणाले, "आणि हळू बोल, आबांना काय वाटेल!"

आबांना काय वाटेल. हे वाक्य मी त्या खोलीत जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा शुभंकरोतिसुद्धा म्हटलं नसेल.

पहिले महिने कोरडे गेले. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत खोली आम्हाला आवडली म्हटलं तरी चालेल. रात्री समुद्राचा आवाज यायचा, पहाटे आबांच्या गोठ्यातल्या घंटा वाजायच्या, मागच्या रहाटाची कुरकुर सुरू झाली की आई उठायची. सकाळी पेज आणि तिच्यावर करवंदाचं लोणचं, रात्री कुळथाची पिठी आणि भात, कधी फिलूबायने दिलेला बांगडा. फिलूबाय ही आमच्या वरच्या टेकाडावर राहणारी किरिस्तांव विधवा. एक भाऊ गोव्याला, ती इथे एकटी, काजूची झाडं आणि दोन गाई राखून होती. आईची आणि तिची विहिरीवर गट्टी जमली होती.

मग पाऊस आला आणि खोलीने आपलं खरं रूप दाखवलं. ओल कोकणात नवी नाही. पावसाळ्यात आमच्याकडे काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवतात, पापड मऊ पडतात, हे सगळे चालवून घेतात. पण या खोलीतली ओल वरून येत नव्हती. छप्पर शाबूत होतं. ओल भिंतीतून यायची. बाहेर पाऊस थांबलेला असला तरी भिंतीला घाम सुटलेला असायचा. हात लावला तर तळवा ओला. बाहेर ऊन पडलं की तीच भिंत पांढरी फुलायची, कापसासारखी बारीक पांढरी भुकटी अंगावर यायची, चुन्याचे पापुद्रे सुटून अंथरुणात पडायचे. आई रोज सकाळी ती भुकटी केरसुणीने झाडायची आणि दुसऱ्या दिवशी ती तितकीच असायची. गोधड्या कधी वाळल्या नाहीत. आम्ही अंगावर ओलं पांघरून झोपायचो आणि ओलं नेसून शाळेत जायचो. अण्णांच्या पुस्तकांवर हिरवी साय धरली. त्यातच एका कोपऱ्यात चूल, ओली लाकडं, आणि धुराला जायला ते मांजराचं भोक. आईचे डोळे कायम लाल. अण्णांचे गुडघे असे धरले की खुर्चीतून उठताना मुलं तोंड लपवून हसायची. आणि नंदूच्या छातीत आवाज यायला लागला. आधी नुसता खोकला, मग शिट्टी, मग ती धाप. चार वर्षांचं पोर मांडीवर पालथं पडून श्वास ओढायचं तेव्हा त्याच्या गळ्याखाली खड्डा पडायचा. त्या खड्ड्याकडे बघत आई तासन्‌तास बसायची.

मालवणच्या डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली. ती संपली, दुसरी आणली. आबांच्या घरून काढा आला, गवती चहा आला, जायफळ उगाळून आलं. सगळं बाटलीत, वाटीत, सहाणेवर शोधणं चाललं होतं. भिंतीकडे कोणी बघत नव्हतं. आजही बघत नाहीत. आज माझ्या नातवाला सर्दी झाली तर घरात दहा गोळ्या येतात, पण त्याच्या खोलीतली एसीसाठी बंद ठेवलेली काच कोणी उघडत नाही. मी उघडते आणि शिव्या खाते.

भिंतीकडे पहिल्यांदा बघितलं ते नंदूनेच, आणि तेही जिभेने. एके दिवशी आईने त्याला कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला पाहिला. तो भिंत चाटत होता. पोरं माती खातात, पोटात जंत झाले की खातात, हे आईला माहीत होतं. तिने त्याला ओढून एक धपाटा घातला. तो रडत म्हणाला, "आई, बरी लागता." आई थबकली. मला आठवतं, तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, बोट भिंतीवर फिरवलं आणि जिभेला लावलं. नंतर तिने मला बोलावलं. "शालू, चाख गो." मी चाखलं. खारट. नुसती चव नव्हे, चक्क मीठ.

अण्णा शाळेतून आले तेव्हा आई म्हणाली, "अवो, ह्या भिंतीत मीठ आसा." अण्णा हसले. "समुद्र जवळ आहे. हवाच खारी." दुसऱ्या दिवशी आई विहिरीवर फिलूबायजवळ हेच बोलली, तर फिलूबाय कळशी खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे? तुका कोणी सांगूक नाय? तुमी मिठाच्या खोलयेत ऱ्हवतास मां! आबाच्या बापाशीचां मीठ थंय असायचां. मचवे भरान येयचां. तोंडवलीचे रापणकार मासे खारवूक थंयसूनच न्हेयत. माझो बापूसय थंयसूनच हाडी."

गावातल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं! लपवलेलं काहीच नव्हतं. ते लहानपणापासून तिला 'मिठाची खोली' म्हणत आले होते. आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून आबांनी तिला 'मास्तरांची खोली' म्हणायला सुरुवात केली, आणि गावाने भिडेखातर जुनं नाव टाकून दिलं. मास्तरांना मिठाच्या वखारीत ठेवलं हे बरं दिसत नाही ना! नाव बदललं म्हणजे खोली बदलली. पिढ्यान्‌पिढ्या मीठ प्यायलेला तो चिरा हवेतलं पाणी ओढणारच, आणि तो ओढत होता. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मी आज मान्य करते. पण दुष्टावा नसलेली माणसं किती त्रास देऊ शकतात हे मी त्या खोलीत शिकले, आणि त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

आई सरळ आबांकडे गेली. बाईमाणसाने घरधन्याशी बोलणं तेव्हा शोभत नसे, म्हणून माजघराच्या दारात अर्धी आड उभी राहून बोलली. विहिरीच्या बाजूला एक खिडकी पाडून द्या, ते जमत नसेल तर निदान छपरात एक काचेचं कौल तरी बसवा, खाली ऊन पडेल. आबा झोपाळ्यावर बसले होते. मोकळेपणाने हसले. "वयनी, त्या भिंतीक तीन पिढ्यो झाल्यो. कोण मेलो काय आतमदी?" आई माघारी वळली. घरी येऊन चुलीपुढे बसली आणि अण्णांना म्हणाली, "तीन पिढ्यो आतमदी मीठ ऱ्हवलां. मीठ कसां मरतलां?" अण्णा म्हणाले, "अगं, फुकट राहतो आपण. वर खिडक्याही मागायच्या?"

त्याच आठवड्यातली गोष्ट. शाळेत अण्णा आम्हाला आरोग्याचा धडा शिकवत होते. घर कसं असावं! घर हवेशीर असावं, घरात सूर्यप्रकाश यावा, समोरासमोर खिडक्या असाव्यात, स्वयंपाकाची जागा निराळी असावी. सगळा वर्ग एका सुरात म्हणत होता. अण्णा हातात छडी घेऊन ताल देत होते. मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले आणि विचारलं, "गुरुजी, आपल्या घराला खिडक्या कुठे आहेत?" शाळेत त्यांना गुरुजीच म्हणायचं असा दंडक होता. मुलं खदाखदा हसली. अण्णांची छडी हवेतच राहिली. मला वाटलं मार बसणार. पण ते हळूच "खाली बस" म्हणाले आणि पुढचा धडा काढला. तो पाण्याचा होता. मला त्यांचा असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्या पानावर पाणी ठेवलं नाही. स्वतःच्या तोंडाने शिकवतो ते स्वतःच्या घरात मागायला माणसाला लाज वाटावी, ही कसली भीड? मी त्यांच्यावर फार माया करायची आणि करते, पण हे मी त्यांना कधी माफ केलं नाही.

श्रावणात नंदूची धाप दिवसाही उतरेना. तेव्हा आबा स्वतः खोलीत आले, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. म्हणाले, "मास्तरांनू, देवाक इचारूया. कौल घेवया." आणि सोमवारी आम्ही सगळे देवळात गेलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला गुरव पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे एक, डावीकडे एक. मानकरी मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, प्रश्न सांगतो, कुठल्या पाकळीचा अर्थ काय तेही सांगतो. मग सगळे वाट बघतात. जी पाकळी पडेल तो देवाचा कौल. मी देव मानते, आजही मानते. त्या गाभाऱ्यात तेलाचा, ओल्या दगडाचा, कुजलेल्या फुलांचा जो वास असतो तो आला की माझे हात आपोआप जुळतात. पण त्या दिवशी आबा हात जोडून काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "बा देवा म्हाराजा, मास्तर आमच्या गावाचो पावणो. तेच्या झिलाक जा काय झालां आसा, तां जागेवाल्याचां आसात तर उजवी दी, भायरचां आसात तर डावी दी!" आणि जमलेली सगळी माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

जागेवाला म्हणजे त्या वास्तूचा राखणदार. भायरचां म्हणजे बाहेरून आलेली बाधा. देवाला उत्तरं दोनच दिली होती. बिचाऱ्या देवाने करायचं काय? भिंतीची पाकळी कोणी लावलीच नव्हती! माझ्या शेजारी आई उभी होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. बराच वेळ काही पडेना, आणि मग डावी पाकळी घसरली. भायरचां. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आबांनी तर सगळ्यात मोठा टाकला, कारण त्यांच्या जागेत दोष नाही हे देवाने सांगितलं होतं. आईने काचेचं कौल मागितलं होतं, तिला देवाचा कौल मिळाला.

आणि उपाय कोणता? बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. दिवेलागणीला दार लावून घ्यायचं, वरच्या भोकात गोणपाट कोंबायचं, पोराला बाहेर काढायचं नाही आणि आत निखाऱ्यावर कडुनिंब, लसणीची सालं, मिरच्या, धूप यांची धुरी घालायची. श्वास कोंडलेल्या पोराला बरं करायला श्वासाच्या सगळ्या वाटा बंद! मुलाला मारायचंच असं ठरवून कोणी बसलं असतं तरी याहून चांगली युक्ती सुचली नसती. आणि अण्णा, समोरासमोर खिडक्या असाव्यात हे शिकवणारे अण्णा, स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने गोणपाट कोंबत होते.

पहिल्या संध्याकाळी आईने सोसलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आबा स्वतः धुरीचं खापर घेऊन आले. खोली धुराने भरली. भिंतींवरून पाणी ओघळत होतं, मिरचीने माझ्या घशाला आग लागली होती. नंदू खोकत नव्हता. खोकायलाही हवा लागते. तो फक्त तोंड उघडत होता आणि मिटत होता, आणि कंदिलाच्या उजेडात त्याचे ओठ जांभळे दिसत होते, पिकलेल्या जांभळासारखे. आईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. मग उठली, पोराला खांद्यावर टाकला आणि दाराची कडी काढली.

"वयनी, दार लावा!" आबा ओरडले. "भायरचां आत येतलां!"

"भायरचां कायेक नाय आबानू!" आई त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. त्या घरात कोणा बाईने तसा आवाज कधी काढला नसेल. "जा काय आसा तां आतलां आसा! ह्या भिंतीतलां!"

अण्णा आडवे आले. "अगं, थांब. आबांना काय वाटेल!"

"आबांका काय वाटतलां तां वाटांदे. माझ्या झिलाक वारो होयो."

ती पावसात उतरली. पडवीच्या खुंटीवरचं इरलं मी ओढून घेतलं आणि तिच्या मागे धावले. तिने ते स्वतःवर न घेता नंदूवर धरायला सांगितलं. चिखलातून, पाणंदीतून, टेकाड चढून आम्ही वर गेलो. घसरत होतो, उठत होतो. मला भुतांची भीती वाटायला हवी होती, सगळा गाव बाहेरचं बाहेरचं म्हणत होता ना. पण माझ्या मनात एकच होतं, इरल्याखालून तो आवाज येतोय का. येत होता. बारीक शिट्टीसारखा, पण येत होता.

फिलूबाय दारातच होती. तिचं राहतं घर एका खोलीचं, पण शेजारी काजूच्या बागेत तिचा मांगर होता. मांगर म्हणजे बागेतली खोप. काठ्यांच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर गवताचं छप्पर, अर्ध्या भागात गाई बांधलेल्या, अर्धा रिकामा. टेकाडावर असल्याने पाणी कुठे थांबत नसे. कुडाच्या फटींतून वारा आरपार जायचा. फिलूबायने सुकं गवत पसरलं, वर गोणपाट टाकलं. ओशाळून म्हणाली, "ढोरांचो वास येतलो गो बाय." आई म्हणाली, "येवंदे. वास येता म्हणजे वारोय येता."

नंदू त्या गवतावर आईला टेकून बसला. एका बाजूला गाय रवंथ करत होती. हळूहळू त्याच्या गळ्याखालचा खड्डा भरत आला. ओठांचा रंग फिरला. मी झोपले कधी मला कळलं नाही. जाग आली तेव्हा फटींतून ऊन आत आलं होतं, सगळ्या जमिनीवर उन्हाच्या काड्या पडल्या होत्या, आणि नंदू फिलूबायला विचारत होता की पेज आहे का. आई कुडाला टेकून रडत होती. तिला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

गावात जी बोंब झाली ती काय सांगावी. मास्तरांची बायको किरिस्तांवाच्या मांगरात गुरांबरोबर राहायला गेली! देवाचा कौल मोडला! चिऱ्याचं घर सोडून कुडात! आमच्याकडे पेज पिणाऱ्या बायका विहिरीवर तोंड फिरवायला लागल्या. नंदू मरायला टेकला होता तेव्हा यातल्या कोणाची जीभ उचलली नव्हती. आणि अण्णा? तुम्हाला हसू येईल. अण्णा जेवायला मांगरात यायचे आणि रात्री खोलीत जाऊन झोपायचे, एकटेच, त्या घामट भिंतींच्या मध्ये. दिवा लावायचे, म्हणजे आबांना वाटावं खोली सोडलेली नाही. गुडघे धरून धरून टेकाड चढायचे, नंदूला मांडीवर घ्यायचे, त्याच्या पाठीला कान लावून ऐकायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. आई त्यांना एका शब्दाने बोलली नाही. नुसती त्यांच्या पानात भात वाढायची.

असं गणपतीपर्यंत चाललं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आबा वर आले, बरोबर दोन मानकरी. अण्णा अंगणात नंदूला बाराखडी गिरवायला शिकवत होते. आबांनी आवाज मऊ केला होता. झालं गेलं विसरू, भिंतीला नवा चुना काढलाय, सणाच्या दिवशी मास्तरांनी असं गुरांत राहिलेलं गावाला बरं दिसत नाही, देवाचाही मान राहायला हवा. अण्णा उभे राहिले. मी कुडाआडून बघत होते. आता हे म्हणणार, होय आबा, आलोच. मला खात्री होती, आणि मला तेच नको होतं, कारण आई काही गेली नसती आणि मग आमचं घर दोन ठिकाणी फाटलं असतं.

अण्णांनी नंदूकडे बघितलं. नंदू धुळीत बोट फिरवत मोठ्याने क, का, कि म्हणत होता, न थांबता, एका दमात. अण्णांच्या तोंडून मग जे आलं ते त्यांच्या नेहमीच्या पुस्तकी भाषेत नव्हतं. आंबोलीत लहानपणी ते ज्या बोलीत बोलले असतील त्या बोलीत ते म्हणाले, "आबानू, तुमचे उपकार मी इसरूचंय नाय. पण ती खोली मिठाची आसा. थंय मीठच ऱ्हवांदे. माणसां नको." आबांनी बरोबरच्या मानकऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मास्तरांनू, तुमी माका असां बोलशात असां वाटूक नव्हतां." आणि उतरून गेले. त्या रात्री अण्णा पहिल्यांदा मांगरात झोपले आणि सकाळपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये आमची बदली झाली, ती कोणी करवली हे सगळ्यांना कळलं होतं. आमच्या जागी आलेल्या मास्तरांनाही आबांनी उंबऱ्यावर नारळ फोडून तीच खोली दिली. त्यांची बायको ओली बाळंतीण होती. सामान बांधून झाल्यावर आई मुद्दाम खाली जाऊन तिला भेटली, सगळं सांगितलं. ती बाई म्हणाली, "अहो, पण त्यांनी इतक्या आपुलकीने दिली आहे, नाही कसं म्हणायचं?" आई वर आली आणि तिने फिलूबायची सगळी लाकडं फोडून दिली.

नंदू वाचला. पण पुरा नाही वाचला. त्याची छाती तिथेच राहिली. तो कधी पोहला नाही, कधी धावला नाही, लग्नात पिपाणी फुंकायला दिली तर मागे सरायचा. बँकेत नोकरी केली ती खुर्ची सोडून कधी बाहेर न जाता. प्रत्येक पावसाळा त्याने पाठीला उशी लावून, बसून काढला. वडिलांनी सिगारेट ओढली का, आईला दमा होता का, तुम्ही काय खाता, कुत्रं पाळता का, सगळे डॉक्टर विचारायचे. लहानपणी कुठे राहत होतात, हे आजवर एकाही डॉक्टरने त्याला विचारलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. रात्रंदिवस मी त्याच्या उशाशी होते. डॉक्टर तरुण, गुणी, कानात ते यंत्र अडकवलेला. कागदावर लिहून घेत होता. "विडी, सिगारेट?" "कधीच नाही." "घराण्यात कोणाला दमा?"

मी म्हटलं, "घराण्यात नाही. घरात होता."

त्याला वाटलं, म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. तो माझ्या कानाशी वाकला आणि एकेक अक्षर सुटं करून मोठ्याने म्हणाला, "आजी, घ-रा-ण्या-त! घराण्यात!" आणि खाटेवर तोंडाला मास्क लावलेला माझा भाऊ हसायला लागला, आणि हसता हसता त्याला धाप लागली.